संक्रांतीचं वाण

गेल्या जानेवारीत आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, 'निंबाळकरांची गोठ' या वस्तीत आमचं जुनं घर आहे. इथल्या मराठी बायका थंडीत शाली पांघरून का होईना, पण हळदीकुंकवाला येतातच. बेचाळीस जणी आल्या. वाण म्हणून मी झाकणाचे प्लास्टिकचे डबे लुटले. बाडा या बाजारचौकाजवळच्या दुकानातून घाऊक भावाने आणले होते, गुलाबी आणि निळे. गठ्ठा सोडला तेव्हा नव्या रेनकोटला येतो तसा वास सगळ्या माजघरात पसरला. एकतीस वर्षं मी मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं आहे. तो वास नाकात गेला आणि तरीही मी डबे वाटले.

माझी भाची मदतीला आली होती. वय बत्तीस, लग्नाला सात वर्षं, मूल नाही. दोनदा आयव्हीएफ झालं, दोन्ही वेळा फसलं. ती तिळगूळ देत फिरत होती तेव्हा एका वयस्कर बाईंनी तिच्यासमोरच मला विचारलं, "दोष कोणात निघाला, हिच्यात की त्याच्यात?" भाचीने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि पुढे गेली. रात्री भांडी विसळताना तिने पाठ न वळवता विचारलं, "मावशी, माझ्यात नेमकं काय बिघडलंय गं?"

मी तेव्हा गप्प राहिले. नंतर तिची फाइल मागून घेतली. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, सगळं होतं. सुरुवातीला चार पानी फॉर्म होता. पाळी कधी आली, किती दिवस टिकते, घरात कोणाला साखर आहे, गर्भपात झाला का, अशा चाळीसेक प्रश्नांची उत्तरं तिने नीट अक्षरात भरली होती. 'तुम्ही दिवसभर काय काम करता' हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. नोकरीच्या रकान्यात 'खासगी' एवढाच शब्द होता.

ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसते. सणासुदीला दिवसाला तीन-चारशे पावत्या तिच्या बोटांतून जातात. त्या चकचकीत, नखाने ओढलं की काळी रेघ उठणाऱ्या थर्मल कागदाच्या. करोनापासून काउंटरवर सॅनिटायझरची बाटली आहे, नोटा मोजल्या की ती हाताला लावते आणि ओल्या हाताने पुढची पावती फाडते. त्या कागदावरच्या थरात बरेचदा बिस्फेनॉल ए नावाचं रसायन असतं आणि ते कागदाला घट्ट चिकटलेलं नसतं, भुकटीसारखं बोटाला लागतं. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की सॅनिटायझर लावलेल्या हाताने अशी पावती धरली तर ते कितीतरी अधिक प्रमाणात कातडीतून आत जातं. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून पावत्यांच्या कागदातल्या बिस्फेनॉल एवर कडक मर्यादा घातली आहे.

आता हे रसायन आत जाऊन करतं काय, ते सांगते. आमच्या वाड्यात एके काळी तीन बिऱ्हाडं होती आणि तिन्ही घरांत एकेक 'वहिनी'. चौकातून कोणी "वहिनी!" अशी हाक मारली की कधी भलतीच वहिनी हातातलं काम टाकून उठायची. शरीरातली संप्रेरकं, म्हणजे हार्मोन, अशीच रक्तातून हाका मारत असतात. बीजकोशातून इस्ट्रोजेन निघतं, गर्भाशयाच्या अस्तराला हाक जाते, अस्तर जाड होऊ लागतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला हाक पोचते, ती उलट निरोप धाडते आणि महिन्याचं एक स्त्रीबीज पिकून बाहेर पडतं. बिस्फेनॉल एच्या रेणूचा तोंडवळा इस्ट्रोजेनशी थोडाफार जुळतो. ते चौकात उभं राहून हाक मारतं आणि पेशी ओ देते. काही रसायनं याच्या उलट, दारात आडवी बसून खऱ्या हाकेलाच आत येऊ देत नाहीत. काही संप्रेरक तयार होण्याच्या कामातच खोडा घालतात. या सगळ्यांना मिळून शास्त्रज्ञ अंतःस्रावी यंत्रणा बिघडवणारी रसायनं म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी २०१३ मध्ये मिळून काढलेल्या अहवालात अशी ज्ञात किंवा संशयित रसायनं आठशेच्या आसपास असल्याचं म्हटलं आहे.

"इतकंसं जातं पोटात, त्याने काय होतंय?" असं घरात कोणी म्हणालं की मी एक हिशोब सांगते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. बाईच्या रक्तात एका मिलिलिटरमागे इस्ट्रोजेन असतं ते एरवी दहा-वीसपासून काहीशे पिकोग्रॅमपर्यंत. एवढ्याशा मात्रेवर तिची पाळी, तिची हाडं चालतात. जिथे खरी हाकच इतकी हलकी आहे, तिथे खोटी हाक हलकी आहे म्हणून निर्धास्त कसं राहायचं?

बिस्फेनॉल एची कथा पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. हे रसायन १८९१ मध्ये पहिल्यांदा तयार झालं. १९३६ मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांनी ते औषध होऊ शकेल का म्हणून तपासलं, कारण त्याच्यात इस्ट्रोजेनचा गुण होता. म्हणजे प्लास्टिकमध्ये जाण्याच्या कितीतरी आधी ते संप्रेरकासारखं वागतं हे माहीत होतं. डॉड्स यांना १९३८ मध्ये त्याहून तेज असं दुसरं रसायन सापडलं, डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस. औषध म्हणून ते निवडलं गेलं. गर्भ टिकावा म्हणून अमेरिकेत लाखो गरोदर बायकांना ते दिलं गेलं. १९७१ मध्ये बोस्टनचे डॉक्टर आर्थर हर्ब्स्ट यांच्या लक्षात आलं की त्या बायकांच्या पोटच्या मुलींना कोवळ्या वयात योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. पुढे कळलं की त्यांतल्या अनेकींचं गर्भाशयच वेगळ्या आकाराचं घडलं होतं. त्यांना दिवस राहायला अडचण, राहिले तर गर्भपात. गोळी आईने घेतली होती, भोगलं मुलीने. मागे राहिलेलं बिस्फेनॉल ए १९५० च्या दशकापासून पाण्याच्या कडक बाटल्यांत आणि खाद्यपदार्थांच्या पत्र्याच्या डब्यांच्या आतल्या लेपात गेलं.

स्त्रीच्या बाबतीत हे प्रकरण पुरुषापेक्षा वेगळं का, ते मी वर्गात दरवर्षी शिकवत असे आणि दरवर्षी मुली लिहिणं थांबवून ऐकत. पुरुषाच्या शरीरात शुक्रजंतू रोज नवे होतात. स्त्रीला मात्र तिची सगळी बीजं आईच्या पोटात असतानाच मिळालेली असतात. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला मुलीच्या गर्भात साठ-सत्तर लाख बीजं असतात, जन्माला येते तेव्हा दहा-वीस लाख उरतात, वयात येते तेव्हा तीन-चार लाख आणि आयुष्यभरात पिकतात ती चारशेच्या आसपास. म्हणजे माझी भाची ज्या बीजातून झाली ते बीज १९६३ मध्ये, माझी धाकटी बहीण आईच्या पोटात होती तेव्हा तयार झालं. माझ्या आईच्या ताटातलं, श्वासातलं जे काही तेव्हा तिच्या रक्तात होतं, ते तीन पिढ्यांच्या अंगाला एकाच वेळी लागलं.

तेव्हा काय होतं? मला आठवतात ते मलेरियावाले. खाकी कपडे, पितळी पंप. माजघर, देवघर, गोठा, सगळ्या भिंतींवर डीडीटीची पांढरी फवारणी करायचे आणि दाराच्या चौकटीजवळ तारीख घालून जायचे. आई भांडी झाकायची, पण आम्ही मुलं त्या ओल्या भिंतीवर बोटाने रेघोट्या ओढायचो. त्या फवारणीने हिवताप हटला, असंख्य जीव वाचले, हे मी कधीही नाकारणार नाही. पण डीडीटी चरबीत साठतं आणि वर्षानुवर्षं राहतं. कॅलिफोर्नियात १९६० ते १९६३ या काळात बाळंत झालेल्या बायकांचं रक्त जपून ठेवलं होतं. बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या बायकांच्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांना गाठलं आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापला. आईच्या रक्तात डीडीटी जितकं जास्त, तितकी मुलीला दिवस राहण्याची शक्यता कमी. दर लिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या वाढीमागे ३२ टक्क्यांनी कमी. गंमत वाटावी अशी गोष्ट नाही, पण सांगायला हवी: डीडीटी मोडूनच तयार होणारं डीडीई जिथे जास्त होतं तिथे उलट परिणाम दिसला. ही रसायनं सरळ रेषेत वागत नाहीत. आपल्याकडे १९८० मध्ये लखनौच्या संशोधकांनीही अकाली प्रसूती आणि गर्भपात झालेल्या बायकांच्या रक्तात अशा क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचं प्रमाण जास्त असल्याचं नोंदवलं होतं.

अर्धसूत्री विभाजन हा माझा आवडता धडा. बीज पिकताना गुणसूत्रं पेशीच्या मधोमध एका ओळीत उभी राहतात, मग दोन्हीकडे वाटली जातात. फळ्यावर मी ती ओळ रंगीत खडूने काढायची. १९९८ मध्ये अमेरिकेत पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या माद्यांची बीजं तपासताना दिसलं की ज्यांना काहीच दिलं नव्हतं अशा निरोगी माद्यांचीही गुणसूत्रं ओळ सोडून इतस्ततः पसरली आहेत. एरवी एक-दोन टक्के बीजांत दिसणारा बिघाड चाळीस टक्क्यांवर गेला होता. शोधता शोधता कळलं, कोणीतरी पिंजरे धुताना चुकून फरशी धुण्याचा तीव्र साबण वापरला होता. पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या खराब झाल्या आणि त्यातून बिस्फेनॉल ए झिरपू लागलं. वीस वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच हंट यांना पुन्हा तसाच अनुभव आला. या वेळी पिंजरे दुसऱ्या प्लास्टिकचे होते आणि झिरपत होतं ते बिस्फेनॉल एस. बाजारात 'बीपीए फ्री' लिहिलेल्या वस्तूंमध्ये अनेकदा बिस्फेनॉल एच्या जागी हेच त्याचं भावंड बसवलेलं असतं. त्या दोन शब्दांवर विसंबू नका.

हे उंदरांचं झालं. माणसांचं? बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात आयव्हीएफ करून घेणाऱ्या अडीचशेहून अधिक बायकांची लघवी तपासली. ज्यांच्यात डीईएचपी या थॅलेटचे अंश जास्त होते, त्यांची मिळालेली बीजं कमी होती आणि जिवंत मूल हाती येण्याचं प्रमाणही कमी होतं. थॅलेट म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं. पीव्हीसीच्या नळ्या, रेक्झिन, चिकटणाऱ्या पातळ आवरणाचे काही प्रकार, शिवाय अत्तरं आणि सुगंधी क्रीममध्ये वास टिकवायला. हैदराबादमध्ये झालेल्या, २००६ साली छापलेल्या अभ्यासात एंडोमेट्रिऑसिस असलेल्या, मूल न होणाऱ्या बायकांच्या रक्तात थॅलेट जास्त सापडलं.

आता हात जोडून एक गोष्ट सांगते. यातलं काहीही माझ्या भाचीच्या बाबतीत 'हेच कारण' म्हणून मी दाखवू शकत नाही. हे अभ्यास संबंध दाखवतात. एका बाईच्या पोटात काय घडलं ते सांगत नाहीत. मूल न होण्यामागे वय असतं, थायरॉइड असतं, पीसीओडी असतं, आपल्या देशात नळ्यांचा क्षयरोग असतो, तोही कसलीच लक्षणं न दाखवता. आणि जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. तेव्हा 'दोष कोणात' असं हळदीकुंकवात विचारणाऱ्यांना माझं सांगणं आहे की नवऱ्याची वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे आणि ती आधी व्हायला हवी. भाचीच्या फाइलीत ती बाराव्या पानावर होती. तिच्या नळ्यांच्या एक्स-रेनंतर आठ महिन्यांनी केलेली.

मग मी आमच्या गावाकडे नव्या नजरेने पाहू लागले. सकाळी लश्करात बेढईच्या, म्हणजे डाळीचं सारण भरलेल्या पुरीच्या, दुकानापुढे उभं राहा. कढईतून वाफाळती बटाट्याची भाजी थेट पातळ पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत पडते, पन्नी क्षणभर दुधाळ होऊन मऊ पडते, मग दोरा गुंडाळून हातात मिळते. चहासुद्धा पन्नीत. ही पन्नी कशापासून बनली, त्यात कोणता रंग, कोणते जुने तुकडे वितळवले, ते विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पाण्याचे वीस लिटरचे जार टेम्पोवर उन्हात तापत फिरतात. अशा कडक, पारदर्शक जारच्या तळाशी त्रिकोणात ७ हा आकडा असेल तर ते बहुधा पॉलिकार्बोनेट, म्हणजे बिस्फेनॉल एचंच घर. सिनसिनाटीच्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये मोजलं, अशा बाटलीत उकळतं पाणी ओतलं की ते १५ ते ५५ पट वेगाने सुटतं. आणि डिसेंबर-जानेवारीत कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या. लाकूड महाग, मग पन्नी, टायर, तुटक्या चपला त्यात जातात. त्या धुरात डायॉक्सिन असतं, काजळीला चिकटलेली इतर रसायनंही असतात, त्यांतली कित्येक संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणारी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जगातल्या शहरांच्या हवेची यादी काढली तेव्हा सूक्ष्म धूलिकणांत आमचं ग्वाल्हेर जगात दुसरं होतं. त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना मला सगळ्यांत आधी आठवल्या त्या माझ्या वर्गातल्या, सायकलवरून येणाऱ्या मुली.

पूर्वीचं सगळं निर्मळ होतं असं मी म्हणत नाही. आजीच्या पितळी पातेल्यांना कल्हई करायला जो माणूस यायचा, त्याच्या कथलात शिसं मिसळलेलं असू शकायचं. काही काजळांत आणि सुरम्यांत शिसं असतं, आजही. शिसं हा बीजकोशाचा आणि गर्भाचा जुना वैरी आहे. पण त्या काळी विषं मोजकी होती. आता ती सकाळच्या चहापासून रात्रीच्या क्रीमपर्यंत थोडी थोडी, रोज येतात.

मला धीर देणारी गोष्ट एकच सापडली आणि ती मी भाचीला आधी सांगितली. बिस्फेनॉल आणि थॅलेट डीडीटीसारखी चरबीत दडून बसत नाहीत. शरीर त्यांना एक-दोन दिवसांत लघवीवाटे टाकून देतं. रोज नव्याने येतात म्हणूनच ती रोज सापडतात. २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजं, प्लास्टिकचा स्पर्श नसलेलं जेवण दिलं. बिस्फेनॉल एचं प्रमाण सरासरी ६६ टक्क्यांनी घसरलं, डीईएचपीचे अंश निम्म्याहून खाली आले. तीन दिवसांत! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बिस्फेनॉल एची रोजची सुरक्षित मात्रा वीस हजार पटीने खाली आणली, आणि पुढच्याच वर्षी युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्याच्या वापरावर बंदी ठरवली. आपल्याकडे बाळाच्या दुधाच्या बाटल्यांत ते नसावं असं भारतीय मानक सांगतं. पण त्या बाळाच्या आईच्या डब्याचं काय?

भाचीने दुकानाच्या मालकाकडे रबरी हातमोजे मागितले. आधी मालक हसले, मग दिले. सॅनिटायझर पावत्यांपासून दूर, नोटांच्या गल्ल्याजवळ ठेवलं. जेवणाचा डबा स्टीलचा झाला, अत्तर सणापुरतं उरलं, बेढई आणायची तर घरून किटली न्यायची असं ठरलं. तिला अजून दिवस राहिलेले नाहीत. राहतील की नाही, मला सांगता येणार नाही. पण "माझ्यात काय बिघडलंय" असं ती पुन्हा म्हणाली नाही.

वाणातले ते डबे मी एकदा उलटे करून पाहिले होते. तळाशी त्रिकोण नव्हता, आकडा नव्हता, काहीच नव्हतं. बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतील, त्यात बिस्फेनॉल नसतं. पण बेचाळीस घरांत मी काय दिलं ते मलाच ठाऊक नाही. येत्या संक्रांतीसाठी कसेरा ओलीतल्या भांडेवाल्याकडे स्टीलच्या वाट्या सांगून ठेवल्या आहेत, प्रत्येकी सात रुपये जास्त पडले. स्त्रीरोगतज्ज्ञांना एवढंच मागणं आहे की त्या चार पानी फॉर्ममध्ये तीन ओळी वाढवा: दिवसभर हातात काय असतं, गरम अन्न कशात येतं, घराजवळ काय जळतं. आणि तुमच्याकडे हळदीकुंकू असेल तर वाणाला प्लास्टिक आणू नका, आणि दारी आलेल्या बाईला तिच्या कुशीबद्दल विचारू नका.